साडेतीनशे रुपयांची शर्यत

चाळिशीकडे झुकलेल्या संसारी माणसाने व्हिडिओ गेमवर लिहावे, हे काहींना पोरकटपणाचे वाटेल. कुटुंबाच्या पानावर मुलांच्या अभ्यासाबद्दल, आजारपणाबद्दल, घरातल्या ताणतणावांबद्दल लिहिले जाते. टी.व्ही.समोर बसून गाड्या पळवण्याच्या खेळात लिहिण्यासारखे काय असणार? मलाही तसेच वाटत होते. पण ही हकीगत खेळाची जेवढी आहे, तेवढीच शाळेच्या एका पावतीची आहे. ती तोंडातून बाहेर पडायला मला एकवीस वर्षे लागली. म्हणून शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. मी वारज्याला राहतो, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. मुलगा तेव्हा आठवीत होता. वर्षभर त्याचा हट्ट चालला होता प्लेस्टेशनचा. नवे यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचे. पण कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाने प्लेस्टेशन ५ घेतला आणि त्याचा जुना प्लेस्टेशन ४ विकायला काढला. बोनसमधले पैसे घालून मी तो आणला. हे यंत्र जगात २०१३ साली आले, भारतात २०१४ च्या सुरुवातीला. म्हणजे तसे जुनेच झालेले. तरी ते घरात आले आणि पोराने आकाशकंदील लावायचा अर्धा सोडला.

यंत्राबरोबर चार डिस्क मिळाल्या होत्या. त्यातली एक मुलाने बाजूला टाकली. "ही बारक्या पोरांची आहे, पप्पा." मी सहज उचलून पाहिली. वेष्टनावर नारिंगी केसांचा, मोठ्या दातांचा एक प्राणी छोट्या गाडीत बसून माझ्याकडे बघून हसत होता. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. वर नाव होते, 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड'. मी त्या प्राण्याला ओळखत होतो. आम्ही त्याला कोल्हा म्हणायचो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कार्ट म्हणजे टप नसलेली, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, चार चाकांची चिमुकली गाडी. अशा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लोकप्रिय केला जपानच्या निन्टेन्डो कंपनीने, १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'मुळे. पुढे १९९९ साली नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीने सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी 'क्रॅश टीम रेसिंग' काढला. त्यातला क्रॅश हा खरे तर कोल्हा नव्हे, बँडिकूट आहे. लांब नाकाडाचा, पोटाला पिशवी असलेला हा लहानसा प्राणी ऑस्ट्रेलियाकडे सापडतो. वारज्यातल्या पोरांना ते कोण सांगणार? नारिंगी दिसला, झाला कोल्हा.

शर्यतीत आठ गाड्या असतात. वाटेत फळे मिळतात. दहा फळे गोळा केली की गाडीचा वेग वाढतो आणि हत्यारांना जोर येतो. पेट्या फोडल्या की बॉम्ब, क्षेपणास्त्र असे काहीबाही हाती लागते. कधी दुसऱ्याने टाकलेली स्फोटकाची पेटी आपल्या डोक्यावर बसते. ती फुटायच्या आत गाडीला भराभर उड्या मारायला लावून झटकून टाकावी लागते. गाडी कड्यावरून पडली तर लाकडी मुखवट्यासारखा एक देव येतो, आपल्याला उचलतो आणि पुन्हा रस्त्यावर आणून ठेवतो. रागावत नाही, काही विचारत नाही. फक्त तेवढ्यात वेळ जातो आणि बाकीचे पुढे निघून जातात.

माझ्या हातात होता तो या खेळाचा नवा अवतार. २०१९ साली कॅनडाच्या बीनॉक्स या संस्थेने जुने रस्ते तेच ठेवून सगळा खेळ नव्याने बांधला आणि ॲक्टिव्हिजन कंपनीने तो बाजारात आणला.

आता मागे जातो. २००१ साल. वारजे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले होते, पण कागदावर शहर झाले म्हणून गाव लगेच शहर होत नाही. मुठेच्या बाजूला शेते होती. पी.एम.टी.ची बस चुकली की पुढची येईपर्यंत माणूस चालत कर्वेनगरला पोचायचा. आणि एकीकडे इमारती उठू लागल्या होत्या. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच इमारतींना रंग द्यायला जायचा. वडील बिगारी काम करत. ते १९९८ साली गेले. आई बंगल्यांतून धुणीभांडी करायची. दादा दहावी होऊन पुढे शिकणार होता. वडील गेल्यावर त्याने वह्या माझ्याकडे दिल्या आणि हातात ब्रश घेतला. त्याची तेव्हाची रोजी ऐंशी रुपये. "एक शिकला तरी पुष्कळ झालं," एवढेच तो म्हणाला होता. तो एक म्हणजे मी.

माळवाडीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचे दुकान निघाले होते. तीन टी.व्ही., तीन प्लेस्टेशन, बसायला लाकडी बाकडी. तासाला दहा रुपये. यंत्रे सारखी चालून तापायची आणि डिस्क वाचेनाशी व्हायची. मग गाळेवाले काका सबंध यंत्र उलटे करून ठेवायचे. उलटे केले की ते मुकाट्याने चालायचे. पुढे इलेक्ट्रिशियनचे काम शिकल्यावर मला कळले की आतली डिस्क वाचणारी भिंगाची पट्टी उष्णतेने आणि झिजेने तिरकी होई. तेव्हा मात्र आम्हाला ती काकांची जादूच वाटायची. डिस्क अर्थातच नक्कल केलेल्या असत.

तिथे मी कोल्हा पहिल्यांदा पळवला आणि बिघडलो.

आज प्रामाणिकपणे सांगतो, मला नुसता खेळ आवडला नव्हता. मला तो येत होता. शाळेत मी मधल्या बाकावरचा मुलगा, गणितात जेमतेम. इथे माझ्यामागे पोरे उभी राहून बघायची. या खेळात वळणावर एक युक्ती आहे. खांद्यावरचे एक बटण दाबून गाडी घसरवायची. घसरताना धूर काळा झाला की नेमक्या क्षणी दुसरे बटण दाबायचे. गाडी उसळी मारून पुढे जाते. एका घसरणीत असे तीनदा करता येते. घाई केली तर फुकट, उशीर केला तरी फुकट. तो क्षण माझ्या बोटांना कळायचा. मेमरी कार्डावर पंधरा घरे असत. त्यातले एक घर काकांनी माझ्या खेळासाठी राखून ठेवले होते. आमचे घर पत्र्याचे होते, भाड्याचे होते. हे घर मात्र माझे होते.

ऑक्टोबरात दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मची वेळ आली. फॉर्मची फी आणि राहिलेली शाळेची फी मिळून साडेतीनशे रुपये भरायचे होते. दादाच्या चार दिवसांच्या रोजीहून जास्त. त्याने ते पैसे दोनदा मोजून माझ्या कंपासपेटीत ठेवले. "पावती आण," म्हणाला.

त्या दिवशी ऑफिससमोर रांग होती. मी म्हटले, उद्या भरू. शाळा सुटल्यावर गाळ्यावर गेलो. वाटले, दहा रुपयेच मोडू, आईकडून मागून भरून काढू. दहाचे वीस झाले, वीसचे पन्नास. पन्नास मोडल्यावर माणूस हिशेब करायचे सोडून देतो. तीन आठवड्यांत मी पस्तीस तास खेळलो. शेवटच्या दिवशी खेळातला शेवटचा शत्रू, परग्रहावरून आलेला हिरव्या तोंडाचा नायट्रस ऑक्साइड, याला मी हरवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि कंपासपेटीत फक्त कंपास होता.

फॉर्मची मुदत संपत आल्यावर दादाने पावती मागितली. मी म्हणालो, "पैसे भरले. भाऊसाहेबांनी पावती दिली नाही."

हे एवढे वाक्य. मी ते आधी ठरवलेले नव्हते. तोंडातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दादा कामाचा खाडा करून शाळेत आला. अंगावर रंगाचे डाग पडलेला शर्ट. भाऊसाहेब, म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क, पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. कानामागे पेन, पुढ्यात पैशांचा पत्र्याचा डबा. दादाने त्यांना बोलायला अवसर दिला नाही. "भाऊसाहेब, बाप नसलेल्या पोराचे पैसे गिळता? चार दिवस झुल्यावर लटकतो मी तेवढ्यासाठी!" शिक्षक दारात जमा झाले. रांगेतली मुले बघत होती.

भाऊसाहेबांनी पावतीपुस्तक काढले. ऑक्टोबरपासूनची कार्बनची पाने एकेक करून उलटली. प्रत्येक पानावर बोट फिरवले. माझे नाव नव्हते. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे बघत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "गर्दी होती त्या दिवसांत. राहिली असेल पावती फाडायची. चूक माझी."

त्यांनी साडेतीनशेची पावती फाडली आणि माझा फॉर्म पुढे घेतला. दादा पावतीची घडी खिशात घालून पुढे चालू लागला. दारातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिले. भाऊसाहेबांनी आपल्या सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या होत्या आणि मोजून त्या डब्यात टाकत होते.

हे फक्त मी पाहिले.

बातमी वस्तीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. भाऊसाहेब गरिबांचे पैसे खातात. दादाने आपल्या डोळ्यांदेखत पकडले. आया पोरांना बजावू लागल्या, "पावती हातात घेतल्याशिवाय हलू नको रे त्याच्यासमोरून." रांगेतली मोठी मुले त्यांच्यासमोर मुद्दाम नोटा दोनदा मोजायची आणि हसायची. मी त्याच रांगेत असायचो. हॉलतिकीट देताना भाऊसाहेब मला एवढेच म्हणाले, "नीट वाच रे." त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

मार्च २००२ ची परीक्षा मी एकसष्ट टक्क्यांनी पास झालो. औंधच्या आय.टी.आय.त इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला प्रवेश मिळाला. नोकरी लागली, लग्न झाले, मूल झाले. त्या पावतीच्या जोरावर माझे वर्ष वाचले आणि त्या वर्षावर पुढचे सगळे उभे राहिले. गाळ्याच्या बाजूने मात्र मी पुन्हा कधी गेलो नाही. पुढे गाळाही उठला. भाऊसाहेब दोन-तीन वर्षांत निवृत्त झाले. २०११ साली एकदा दादा जेवताना म्हणाला, "तो तुझा पैसे खाणारा क्लार्क वारला म्हणे." मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. मोडत राहिलो. सांगण्याची ती एक वेळ होती, तीही गेली.

तर अशी ती डिस्क. २०२२ च्या दिवाळीत ती माझ्या हातात आली तेव्हा मी ती परत ठेवू शकलो असतो. पण मुलाला म्हणालो, "लाव." त्याने हसत लावली.

खेळ सुरू झाला आणि बोटे आपोआप चालली. घसर, थांब, काळा धूर, दाब. पुन्हा. पुन्हा. एकवीस वर्षांत मी किती गोष्टी विसरलो असेन, पण हे बोटांनी सांभाळून ठेवले होते. समुद्राकाठचा तोच रस्ता, तेच फुटके जहाज. मुलगा चकित होऊन बघत होता. "पप्पा, तुम्हाला येतं?" मागे पोरे उभी राहायची त्याची आठवण झाली. खोटे कशाला सांगू, छाती फुगली.

मी त्याला म्हणालो, "आमच्या वेळी हुबेहूब असंच होतं." त्याने मोबाईलवर जुन्या खेळाचा व्हिडिओ काढून दाखवला. मी बघतच राहिलो. पाणी म्हणजे निळे ठिगळ. झाडे पुठ्ठ्याची. कोल्ह्याचे तोंड त्रिकोण जोडून केल्यासारखे, चित्र सगळे थरथरते. "हे असं होतं?" म्हणून तो पोट धरून हसला. खरेच तसे होते. पण माझ्या आठवणीत पाणी पारदर्शक होते, वाळू सोनेरी होती. नव्या खेळवाल्यांनी जुना खेळ जसा होता तसा केलेला नाही. तो आमच्या मनात जसा राहिला आहे तसा त्यांनी केला आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात फिरत राहिले. खेळाच्या आठवणीला जसा मी रंग दिला, तसा त्या सगळ्या वर्षाला दिला असेन काय? "लहान होतो, चूक झाली, पोरवय होते." हा रंग मी किती हात दिला होता!

आणखी एक गंमत सांगतो. त्या हिरव्या ऑक्साइडची धमकी अशी असते की, तुम्ही हरलात तर तुमच्या सबंध पृथ्वीचा मी काँक्रीटचा वाहनतळ करीन. मुलगा म्हणाला, "पप्पा, मग हा वारज्याला येऊन गेला वाटतं." आम्ही दोघेही हसलो. खिडकीतून बघितले तर मी लहानपणी जिथे हरभरा उपटून खाल्ला, तिथे गाड्याच गाड्या लागलेल्या होत्या.

दिवाळीनंतर आठवड्याभराने माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. एक हजार रुपये गेले होते. मी काहीच घेतले नव्हते. शोध घेतल्यावर कळले ते असे. जुन्या खेळात एकदा डिस्क घेतली की झाले. लपलेले खेळाडू खेळूनच मिळवायचे. नव्या खेळात एक दुकान आहे. तिथे नाण्यांवर नवे कपडे, नव्या गाड्या मिळतात. ही नाणी खेळून मिळतात, पण खेळ बाजारात आल्यावर दीड-दोन महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ पासून, कंपनीने ती खऱ्या पैशांनाही विकायला काढली. आधी न सांगता हे केले म्हणून तेव्हा खेळणारे पुष्कळ चिडले होते. आमच्या पोराने माझ्या फोनवरून हजाराचे कार्ड घेऊन ती नाणी घेतली होती.

मी त्याला समोर उभे केले. तो म्हणाला, "मी नाही केलं. ज्या दादाकडून आणलं, त्याचंच काहीतरी जोडलेलं असेल त्याच्यात. त्यानेच कापले असतील."

माझा हात वर गेला होता. तो तिथेच राहिला.

एका निर्दोष माणसाच्या अंगावर त्याने ते ढकलले होते. तेही किती सहज! पत्नी आतून म्हणाली, "एवढं खोटं बोलायला शिकला कुणाकडून, कोण जाणे." तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. मी हात खाली घेतला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

त्या रविवारी दादा आला. दादा आता रंगकामाचे ठेके घेतो, हाताखाली सहा माणसे आहेत. डावा खांदा झुल्यावरच्या कामाने गेलेला, हात पुरता वर होत नाही. पोराने हौसेने रिमोट त्याच्या हाती दिला, "मोठे पप्पा, खेळा ना." दादाने आयुष्यात पहिल्यांदा तो हातात धरला. पहिल्याच वळणावर उलटा गेला. मग कड्यावरून पडला. मुखवट्याने उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवले. "हा बरा आहे," दादा हसून म्हणाला, "पडलं की उचलतो. पैसे घेतो का?"

आणि मी बोलून गेलो. जसे तेव्हा खोटे अचानक निघाले, तसे आता खरे निघाले. गाळा, पस्तीस तास, कंपासपेटी, नकाशा, सदऱ्याच्या खिशातल्या नोटा. पोर समोर होता, पत्नी दारात होती. थांबलो नाही.

पडद्यावर दादाची गाडी भिंतीला टेकून उभी होती. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून गेल्या. दादा बराच वेळ तिकडेच बघत होता. मग म्हणाला, "मी त्या माणसाच्या मयतीला गेलो नाही. घरासमोरून अंत्ययात्रा गेली, तरी उंबऱ्याबाहेर आलो नाही." त्याने रिमोट खाली ठेवला, चप्पल घातली. वहिनीसाठी पत्नीने बांधलेला फराळाचा डबा तसाच राहिला. चहाही न घेता तो गेला.

पुढच्या रविवारपर्यंत त्याने फोन उचलला नाही. रविवारी सकाळी खालून हॉर्न वाजला. तो स्कूटरवर बसूनच म्हणाला, "कपडे घाल. त्यालाही घे." पोराला मध्ये बसवून आम्ही निघालो. वाटेत तो एकच वाक्य बोलला, तेही कामातले. "तडा गेलेल्या भिंतीवर नुसती पुट्टी मारून चालत नाही. खरवडावी लागते. माझीपण खरवडायची आहे. बोललो मी होतो."

भाऊसाहेबांच्या पत्नी मुलीकडे राहतात, जवळच. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. आम्ही जयभीम केला. त्यांनी ओळखले नाही. दादा मला म्हणाला, "तू सांग." मी सगळे सांगितले. त्यानंतर दादाने त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

त्या म्हणाल्या, "पैशांचं मला आठवत नाही. असं ते पुष्कळदा करायचे. महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा असला की मी समजायचे, कुणाच्या तरी पोराचा फॉर्म भरला असेल. नाव कधी सांगायचे नाहीत." थोडे थांबून म्हणाल्या, "बोलणं मात्र आठवतं. भाजी घ्यायला गेले की बायका माझ्यामागे बोलायच्या. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, राहू दे, पोरगं पास होऊ दे. त्यांनी गिळलं. मला नाही गिळता आलं."

मी पाकिटात साडेतीनशेच्या कितीतरी पट रक्कम घालून नेली होती. ते पाकीट मी पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. "पैसे त्यांनी परत यायला दिले नव्हते," म्हणाल्या. "तुम्हाला काही द्यायचंच असेल, तर जसं चार माणसांत बोलला होतात, तसं चार माणसांत सांगा की ते खोटं होतं. नाव नका टाकू. ज्यांनी तेव्हा ऐकलं, त्यांना नावाशिवाय कळेल."

माझा पोरगा सबंध वेळ मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर न विचारता म्हणाला, "पप्पा, कार्ड मीच घेतलं होतं. नाणी परत करता येत नाहीत." मी म्हणालो, "मला माहीत आहे." संध्याकाळी तो, मी आणि तो सहकाऱ्याचा मुलगा यांनी एकत्र बसून चहा घेतला. पोराने त्याची माफी मागितली. त्या बिचाऱ्याला तोवर आपल्यावर काही आळ आला होता हेही ठाऊक नव्हते. हजार रुपये पोर महिन्याला शंभर असे मला अजून फेडत होता, ते पुढच्या वर्षी फिटले. ते पाकीट आम्ही तसेच ठेवले आहे. दर ऑक्टोबरात त्यातून कुणाचा तरी बोर्डाचा फॉर्म भरला जातो. पावती दादा आणतो, नाव घरातही सांगत नाही.

भाऊसाहेबांच्या घरी कबूल केलेले काम मात्र माझ्याकडून लांबत गेले. वस्तीत जेवढ्यांना तोंडाने सांगता आले तेवढ्यांना सांगितले. पण त्या वेळची माणसे पांगली. कुणी शिवण्याला गेले, कुणी धायरीला, कुणी गावी परत गेले. ती सगळी एका जागी मला कुठे भेटणार? हा अंक मात्र त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी जातो. म्हणून हा लेख.

दादा अजून रविवारी येतो. कार्ट घेऊन अजून उलट दिशेला जातो, पोर अजून हसतो. माझी बोटे मात्र आता पूर्वीसारखी चालत नाहीत. काळा धूर दिसतो, पण क्षण निसटतो. त्याचे मला काही वाटत नाही.

तर त्या काळी वारज्यात राहणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. २००१ साली आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांनी एका गरीब पोराचे फॉर्मचे पैसे खाल्ले, असे तुम्ही कुणाकडून ऐकले असेल किंवा पुढे कुणाला सांगितले असेल, तर ते खोटे होते. पैसे मी खाल्ले होते.